माझ्या रॉडवरचा खंड्या

मी डूख धरते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. नागपूरला शाळेत असताना एका मुलीने माझी कंपासपेटी नेली आणि परत देताना तिच्यातलं कर्कटक ठेवून घेतलं. ते मी बारावीपर्यंत विसरले नाही. निरोप समारंभाला तिच्या साडीचा पदर खुर्चीच्या पायाला बांधला, ती उठली, खुर्ची उठली, आणि मग मला बरं वाटलं.

माझे प्राण्यांचे फोटो बघून लोक म्हणतात, किती निसर्गप्रेम आहे हिला. मी त्यांना दुरुस्त करत नाही. खरं सांगायचं तर पहिला फोटो मी पुरावा म्हणून काढला होता. रीडिंगमध्ये एका इन्शुरन्स कंपनीत नोकरी करते, चाळिशी ओलांडल्यावर फ्लाय फिशिंग शिकले, आणि दोन महिने नुसत्या झाडाझुडपांना गळ अडकवल्यावर एकदाचा मला पहिला ट्राउट लागला. इथल्या रिवाजाप्रमाणे तो सोडून द्यायचा होता. सोडताना मासा दमलेला असतो, त्याला पाण्याखालीच दोन्ही हातांत प्रवाहाकडे तोंड करून धरायचं, दम खाल्ला की तो आपला आपण निघतो. माझा निघाला. हातभर पुढे जाऊन उथळ पाण्यात थांबला. मी त्याच्याकडे कौतुकाने बघत होते, तेवढ्यात माझ्या उजव्या खांद्याच्या बाजूने एक राखी बगळा दोन पावलं चालत आला आणि माझा पहिला मासा उचलून गिळून मोकळा झाला. गिळताना तो माझ्याकडे बघत होता.

पुढच्या रविवारी मी कॅमेरा घेऊन गेले. त्या बगळ्याचे चाळीस फोटो काढले. घरी लॅपटॉपवर त्यांच्यासाठी एक फोल्डर केला आणि त्याला नाव दिलं, ‘आरोपी’. बगळ्यानंतर त्यात हंस आला, जो दर मे महिन्यात पंख पसरून माझ्या लाइनवरून चालत जायचा. मग पाणमांजर आलं. त्याने नदीतला सगळ्यात मोठा ट्राउट खाऊन फक्त डोकं माझ्या बसायच्या फळीवर ठेवलं होतं, आणि ते मुद्दाम ठेवलं होतं असं माझं आजही मत आहे. पलीकडच्या कुरणातल्या गाई आल्या, त्यांनी माझ्या पिशवीतली पोळीभाजी फॉइलसकट खाल्ली. एक पाणउंदीर आला, त्याचा गुन्हा एवढाच की दुसऱ्या काठावर बसून तो दोन हातांत गवताची काडी धरून आरामात जेवत असायचा आणि मला तीन तासांत एकही मासा लागलेला नसायचा. हे फोटो चांगले यायचे. राग आला की माणूस हलत नाही, आणि न हलणं हेच या कामात लागतं.

नदीचं नाव मी सांगणार नाही. मासे धरणारे सांगत नाहीत, आणि आता तर ते नाव माझ्या तोंडी शोभतही नाही. रीडिंगहून पश्चिमेला पाऊण तासावर आहे. खडूच्या टेकड्यांमधून झिरपून आलेलं पाणी, इतकं नितळ की तळावरचे खडे मोजावेत. मासा तुम्हाला दिसतो आणि तुम्ही माशाला दिसता. अशा नदीचा एकेक तुकडा एकेका क्लबकडे असतो. आमच्या क्लबात मोजकेच सभासद, बहुतेक निवृत्त, बहुतेक पुरुष, आणि आत शिरायला वर्षानुवर्षांची वेटिंग लिस्ट. मला तिथे जागा मिळाली ती काकांमुळे.

काका म्हणजे नात्यातले कोणी नव्हेत. आमची ओळख झाली तीही माझ्या रागामुळेच. एका सार्वजनिक तळ्यावर मी शिकत होते, माझा गळ तिसऱ्यांदा त्याच फांदीत अडकला आणि मी त्या फांदीला आमच्या वऱ्हाडी वळणाच्या दोन शिव्या घातल्या. मागून आवाज आला, “झाडाला कशाला गो, झाडानं काय केलंय?” वळून बघते तर गोरेगोमटे, टोपी घातलेले, सत्तरीचे गृहस्थ. ते अलिबागकडच्या बेने इस्रायली घराण्यातले. मुंबईत तिसरीपर्यंत मराठी शाळेत शिकले, मग आईवडिलांबरोबर लंडनला आले, आणि आयुष्यभर एजवेअरला चष्म्याचं दुकान चालवलं. त्यांची मुलं, नातवंडं सगळी इंग्रजी बोलतात. मराठी बोलायला एक बहीण होती, ती वारली. त्यानंतर तीन वर्षं आपण कोणाशीही मराठी बोललो नव्हतो, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. माझ्या शिव्या ऐकून त्यांचे डोळे भरून आले होते. हे ते कबूल करायचे नाहीत, पण मी पाहिलं होतं.

पुढे चार वर्षं मी त्यांची पाहुणी म्हणून नदीवर जात राहिले. शनिवार त्यांचा शब्बाथ. त्या दिवशी गाडी नाही, फोन नाही, मासे नाहीत. म्हणून आमचा वार रविवार. ते मला लाइन टाकायला शिकवायचे आणि मी त्यांना मधल्या साठ वर्षांत मराठीत आलेले शब्द सांगायची. त्यांच्याकडे मोबाइलला शब्द नव्हता, पण माशांच्या खवल्यांना, गाळाला, वाऱ्याच्या दिशांना अलिबागचे शब्द होते. चौथ्या वर्षी जागा रिकामी झाली आणि त्यांनी माझ्या अर्जावर जामीन म्हणून सही केली.

त्या क्लबात जामिनाची एक जुनी पद्धत आहे. नवा सभासद आला की तीन सीझनपर्यंत त्याच्या वागण्याला जामीन राहणारा जबाबदार. त्याने नियम मोडला आणि जामिनाला ते ठाऊक असलं, तर दोघांचीही जागा जाते. सही करताना काकांनी मला हे वाचून दाखवलं आणि म्हणाले की आता नीट वाग हो पोरी, माझं गाठोडं तुझ्या गाठोड्याला बांधलंय.

नियम तसा एकच महत्त्वाचा. जून संपेपर्यंत फक्त पाण्यावर तरंगणारी माशी वापरायची. फ्लाय फिशिंगची माशी म्हणजे गळाला दोरा आणि पिसं गुंडाळून केलेली खोटी माशी. ती दोन प्रकारची असते. एक तरंगते, मासा वर येऊन ती घेतो, आणि त्यात कौशल्य आहे असं मानतात. दुसरी बुडते. तिला निंफ म्हणतात, तिच्या डोक्याला पितळेचा बारीक मणी असतो, त्या वजनाने ती तळाशी जाते आणि जिथे मासे जेवत असतात तिथेच त्यांना गाठते. जुलैपर्यंत आमच्याकडे निंफ म्हणजे चोरी. काका या बाबतीत इतके कडक होते की त्यांच्या डबीत निंफ नावालाही नव्हता.

माझ्या डबीत होते. झाकणाच्या आत, स्पंजाखाली, चार.

दोन वर्षांमागचा जूनमधला पहिला रविवार. सकाळपासून एक मासा वर येईना. पाण्याखाली मला पाच-सहा ट्राउट स्पष्ट दिसत होते, तळाशी हलत होते, खात होते, आणि माझी तरंगणारी माशी डोक्यावरून जाताना त्यांतला एकही मान वर करत नव्हता. त्याच आठवड्यात ऑफिसात मी दोन महिने खपून केलेलं काम साहेबाने वरच्या लोकांपुढे मांडलं होतं. स्लाइड माझ्या, आकडे माझे, चुका सापडल्या असत्या तर त्याही माझ्याच. फक्त पहिल्या पानावरचं माझं नाव गेलं होतं. मी ते गिळून नदीवर आले होते आणि आता मासेही माझ्याकडे दुर्लक्ष करत होते. काका खालच्या वळणावर होते, दिसत नव्हते. मी स्पंज उचलला आणि निंफ बांधला.

अर्ध्या तासात दोन मासे लागले. तिसऱ्यांदा लाइन टाकणार तर पायवाटेवर काकांच्या काठीचा आवाज आला. मी घाईने लाइन गुंडाळली, निंफ रॉडच्या मुठीवरच्या छोट्या कडीत अडकवला आणि त्यावर अंगठा ठेवून काठावर बसून राहिले, जणू विश्रांती घेतेय. रॉड गुडघ्यावरून पाण्याकडे आडवा धरलेला. काका मागे दहा पावलांवर होते. मी वळणार इतक्यात रॉडचं टोक किंचित खाली झुकलं.

टोकावर खंड्या बसला होता.

एवढा जवळ खंड्या मी कधी पाहिला नव्हता. नदीवर तो म्हणजे एक निळी रेघ, आली आणि गेली. त्याचा फोटो काढायला मी तीन सीझन तडफडत होते. ‘आरोपी’ फोल्डरमध्ये त्याची नोंद होती, फोटो नव्हता. आणि आता तो माझ्याच रॉडवर बसून माझ्या पाण्यात डोकावत होता आणि माझे दोन्ही हात रॉडला चिकटलेले. श्वास घ्यायचीही भीती. मी ओठ न हलवता म्हटलं, “काका, कॅमेरा.” कॅमेरा माझ्या मागे पिशवीवर ठेवलेला होता. त्यांनी काठी गवतात आडवी केली, तो उचलला, माझ्या डाव्या खांद्यावरून धरला, आणि मला एकच क्लिक ऐकू आला. खंड्याने पाण्यात सूर मारला, चोचीत मासा घेऊन परत वर आला, आणि दुसरा क्लिक व्हायच्या आत गेला.

आम्ही दोघं पोरांसारखे नाचलो. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून त्याचा डोळा बघितला. पक्ष्याचा फोटो काढणारा आधी डोळा बघतो. डोळा स्पष्ट तर सगळं ठीक. डोळा इतका स्वच्छ आला होता की त्यात आकाश दिसत होतं. बाकीचा फोटो मी बघितलाच नाही. गळ बदलायचा आहे हेही डोक्यातून गेलं. घरी जाताना निंफ कापून खिशात टाकला तेवढंच. रात्री फोटोची मूळ फाइल काकांना पाठवून दिली.

शुक्रवारी दुपारी ऑफिसात क्लबचं वार्तापत्र ईमेलने आलं. पहिल्याच पानावर माझा खंड्या. नुसता खंड्या आणि रॉडचं टोक. मी नव्हते. माझे हात, माझे गुडघे, माझा रॉड, सगळं खालून कापलेलं. फोटोखाली काकांचं नाव, आणि पुढे सेक्रेटरीने लिहिलं होतं की आपल्या एका जुन्या सभासदाने स्वतःच्या रॉडवर बसलेला खंड्या टिपला आहे. स्वतःच्या रॉडवर म्हणे. लाइन ओवायच्या कड्या रॉडला दोऱ्याने बांधलेल्या असतात, त्यांतल्या टोकाजवळच्या एकीला लाल दोरा दिसत होता. बाकी सगळ्या कड्यांना हिरवा. तो लाल दोरा मी हिवाळ्यात स्वतः बसून गुंडाळला होता, हिरवा संपला म्हणून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकाच महिन्यात दुसऱ्यांदा कोणीतरी मला माझ्याच कामातून पुसलं होतं. साहेबाचं मी काही करू शकत नव्हते, व्हिसा त्याच्या कंपनीच्या कागदावर आहे. पण हे तर काका. यांना मी काका म्हणत होते.

त्यांचा फोन तासाभरातच आला. मी उचलला नाही. पुन्हा आला, नाही उचलला. संध्याकाळी तिसऱ्यांदा आला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून पडद्यावर त्यांचं नाव बघत राहिले आणि तो वाजून वाजून बंद पडेपर्यंत मला गार गार वाटलं. त्यांनी निरोप रेकॉर्ड करून ठेवला होता. तो मी ऐकला नाही. म्हटलं, आता सारवासारव ऐकायची ती माझ्या सोयीने.

शनिवारी त्यांचा फोन बंद असणार हे मला माहीत होतं. म्हणूनच मी शनिवार निवडला. सकाळी उठले, चहा घेतला आणि सेक्रेटरीसकट समितीच्या पाचही जणांना ईमेल लिहिलं. आवाज न चढवता इंग्रजीत माणसाला कसं कापायचं हे मी ऑफिसात शिकले आहे. लिहिलं की कॅमेरा माझा, रॉड माझा, हात माझे. सोबत मूळ फोटो जोडला, न कापलेला, तारीखवेळेसकट. आणि एक वाक्य असं लिहिलं की आपल्या ज्येष्ठ सभासदाने फोटोचा खालचा भाग पूर्ण विचार करून, जाणूनबुजून काढून टाकला आहे. ‘जाणूनबुजून’ या शब्दावर मी खूश होते. तो आधी नव्हता, दुसऱ्यांदा वाचताना घातला. पाठवलं, कांदेपोहे केले आणि दोनदा वाढून घेतले.

रविवारी मी मुद्दाम नदीवर गेले. त्यांचं तोंड बघायचं होतं. कुरणात गाडी लावली, काका अजून आले नव्हते. वेळ होता म्हणून फोन काढला आणि त्यांचा शुक्रवारचा निरोप लावला. खिडकीची काच खाली केली, सीट मागे घेतली. खरं सांगते, चित्रपट बघायला बसावं तशी बसले होते.

“पोरी, मी बोलतोय. फोन उचल गो. पेपरात फोटो बघितला असशील, रागावली असशील. मी त्या सेक्रेटरीला आधी कबूल करून बसलो की खंड्याचा फोटो देतो, आणि मग घरी मोठ्या स्क्रीनवर बघितला. तू पण बघ. तुझ्या डाव्या अंगठ्याजवळ बघ. मणी दिसतोय. म्हणून कापला मी. तुझं नाव घातलं असतं तर नव्या सभासदाचा म्हणून त्यानं पूर्ण फोटो मागितला असता, त्याची खोड आहे ती. तू तो फोटो कोणाला पाठवू नको, पुसून टाक. आता शब्बाथचे दिवे लावायची वेळ झाली, उद्या माझा फोन नाही. रविवारी नदीवर भेट. मला तुला शिव्या द्यायच्यात, त्या फोनवर नाही देत.”

कॅमेरा शेजारच्या सीटवर होता. मी त्याच्या पडद्यावर फोटो उघडला आणि या वेळी डोळ्याकडे न जाता खाली गेले. खंड्या बसताना रॉड झुकला तेव्हा माझा अंगठा सरकला होता. डावा हात, कारण मी डावखुरी. कडीत अडकवलेला निंफ, आणि त्याच्या डोक्याला मोहरीहून थोडा मोठा पितळेचा मणी. जून महिन्याचं ऊन नेमकं त्याच्यावर पडलं होतं. एकदा दिसल्यावर त्या फोटोत दुसरं काही दिसेना.

मी आयुष्यभर दुसऱ्यांविरुद्ध पुरावे गोळा केले होते, आणि सगळ्यांत स्वच्छ पुरावा मी स्वतःविरुद्ध स्वतःच्या हाताने पाच जणांना पाठवला होता. पण गाडीत बसल्याबसल्या माझ्या डोक्यात तो विचार आला नाही. डोक्यात आला तो एक शब्द, ‘जाणूनबुजून’. काकांना ठाऊक होतं, हे लेखी मीच दिलं होतं.

काकांची जुनी हिरवी गाडी आली. सेक्रेटरीने त्यांना सकाळीच फोन केला होता. ते उतरले, रॉड काढला नाही. माझ्याकडे न बघता क्लबच्या लाकडी खोपटात गेले. तिथे प्रत्येकाची एक खुंटी असते. त्यांनी खुंटीवरचे गुडघ्यापर्यंतचे बूट काढले, त्यांचा पत्र्याचा मग घेतला, भिंतीला टांगलेली मासे धरायची जाळी घेतली. मी दारात उभी होते. मी जाळी धरायला हात पुढे केला तर त्यांनी ती दुसऱ्या हातात घेतली.

“निरोप कधी ऐकलास?” त्यांनी विचारलं.

“आत्ता,” मी म्हटलं.

त्यांनी मग बुटात खोचला. मी म्हटलं की मला वाटलं तुम्ही माझा फोटो स्वतःच्या नावावर खपवला. ते म्हणाले की थोडा खपवलाच. इतक्या वर्षांत त्यांचं नाव त्या वार्तापत्रात कधी आलं नव्हतं आणि ते छापलेलं बघून त्यांना आवडलं होतं, त्यांनी सुनेलाही दाखवलं होतं. मग टोपी नीट केली.

“मी तुझं नाव घेतलं,” ते म्हणाले. “तू माझी नदी घेतलीस गो.”

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली. बूट डिकीत ठेवले आणि निघून गेले. ज्या शिव्या ते मला देणार होते त्या त्यांनी दिल्या नाहीत. मी कितीतरी दिवस वाट पाहिली.

समितीचं पत्र महिन्याभराने आलं. मी मध्ये दोनदा लिहिलं होतं की दोष माझा, त्यांना काही माहीत नव्हतं. सेक्रेटरीने अतिशय नम्रपणे माझंच वाक्य मला परत पाठवलं. माहीत नसतं तर त्यांनी फोटो जाणूनबुजून कसा कापला असता, असं त्याने विचारलं होतं. दोघांचीही जागा गेली. माझी दुसऱ्या सीझनमध्ये गेली, त्यांची एकतिसाव्या. त्या सेक्रेटरीवरही मी डूख धरून आहे, पण तो डूख नीट पेटत नाही. बसतो आणि विझतो, कारण त्याने केलं ते सगळं नियमात होतं.

मी एजवेअरला दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा सून दारात आली आणि म्हणाली की ते झोपलेत. दुपारचे बारा वाजले होते. दुसऱ्यांदा मी त्यांच्यासाठी करंज्या नेल्या होत्या, त्यांना नारळाच्या आवडायच्या. त्या तिने घेतल्या. डबा आठवड्याने पोस्टाने परत आला, धुतलेला, रिकामा.

ऑक्टोबरात एक मोठं सपाट पार्सल आलं. आत काचेची फ्रेम. खंड्याचा फोटो, हातभर लांब, उत्तम कागदावर छापलेला. चष्म्यांच्या माणसाची नजर. रंग असे बसवले होते की मला स्वतःला जमले नसते. वर टोकाला खंड्या, डोळ्यात आकाश. मग रॉड, लाल दोऱ्याची कडी, खाली माझे गुडघे, माझे हात, आणि अंगठ्यापाशी तो मणी, आता पुरता वाटाण्याएवढा, लख्ख. पत्र नव्हतं. मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने, तिसरीतल्या मुलाच्या अक्षरात, देवनागरीत दोन वाक्यं होती. “पूर्ण आहे. काही कापलं नाही.”

सूड कसा घ्यावा हे मला कळतं अशी माझी समजूत होती. मी ती फ्रेम हातात धरून जमिनीवर बसले आणि मला मान्य करावं लागलं की खुर्चीला पदर बांधणं वगैरे सगळा पोरखेळ होता. फ्रेम मी पॅसेजमध्ये लावली. न लावणं म्हणजे पळणं झालं असतं. पाहुणे येतात, म्हणतात काय सुंदर पक्षी आहे. कोणी मासे धरणारा आजवर घरी आलेला नाही.

पार्सल आलं त्या आठवड्यातल्या रविवारी मी त्यांना फोन केला. उचलतील असं वाटलं नव्हतं, पण दुसऱ्याच रिंगला उचलला. मी म्हटलं, “काका, मी बोलतेय. फ्रेम मिळाली.” मग जे काही सुचलं ते बोलत गेले, फोटोबद्दल, माझ्याबद्दल, नदीवर आता पानं गळत असतील त्याबद्दल. वऱ्हाडी, अलिबागी, त्यांनी शिकवलेले वाऱ्याचे शब्द, सगळं त्यात होतं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

मग त्यांनी मला उत्तर दिलं. फ्रेम काच न फुटता पोचली हे ऐकून बरं वाटलं म्हणाले, रीडिंगकडे हवा कशी आहे विचारलं, तब्येतीची काळजी घ्यायला सांगितलं. मी मराठीत आणखी एक प्रश्न विचारला. त्यालाही उत्तर मिळालं. सगळं फार सभ्यपणे, एकही शब्द न अडखळता, इंग्रजीत.